हातभर लांबीचा शब्द: ‘सेस्क्विपिडेलियन’ची व्युत्पत्ती पायरीपायरीने

लॅटिन मुळाचा एखादा अनवट इंग्रजी शब्द समोर आला की बहुतेक जण त्याचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकड्याचा अर्थ कोशात बघतात आणि बेरीज करून मोकळे होतात. उत्तर पुष्कळदा बरोबरही येतं. पण ती व्युत्पत्ती नव्हे, फार तर तिची सुरुवात. शब्द कोणत्या रूपात, कोणत्या काळात, कोणाच्या लेखणीतून पुढे सरकला आणि वाटेत त्याचा अर्थ का वळला, हे पुराव्यानिशी मांडता आलं तरच ती व्युत्पत्ती. ही पद्धत इथे एकाच शब्दावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवली आहे. शब्द आहे ‘सेस्क्विपिडेलियन’, म्हणजे लांबलचक, बोजड शब्दांचा, किंवा तसे शब्द वापरण्याची खोड असलेला. मराठी वाचकासाठी हा शब्द मुद्दाम निवडला आहे. त्याचे सांधे सुटू लागले की आपले जुने पाहाडे आणि शाळेतलं संस्कृत दोन्ही कामाला येतात.

आधी काय जवळ ठेवायचं

चार-पाच कोश पुरतात. इंग्रजी शब्दाच्या नोंदींसाठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. ती सशुल्क आहे, त्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मिळाली तर उत्तम; नाही तर मेरियम-वेब्स्टर आणि ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी या दोन्ही फुकट आहेत. लॅटिनसाठी लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९चा कोश, जो पर्सियस या संकेतस्थळावर शोधता येतो. संस्कृतसाठी मोनियर-विल्यम्स, जो कलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. मराठी बाजूसाठी मोल्सवर्थ आणि टर्नरचा इंडो-आर्यन भाषांचा तुलनात्मक कोश. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर खुले आहेत. विक्शनरी जरूर बघावी, पण पुढे कुठे शोधायचं याची दिशा कळावी म्हणून. पुरावा म्हणून तिचा हवाला देऊ नये.

एका कागदावर चार रकाने आखा: रूप, भाषा, काळ, पुरावा. पुढच्या प्रत्येक पायरीवर यात एक तरी ओळ पडली पाहिजे. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती ओळ पेन्सिलीने लिहावी. पहिल्या शब्दाला एक अख्खी संध्याकाळ जाते, नंतर हात बसतो.

पायरी १: स्पेलिंग पक्कं करा

हास्यास्पद वाटेल, पण निम्म्या चुका इथेच होतात. शब्द असा आहे: एस-ई-एस-क्यू-यू-आय, मग पी-ई-डी, मग ए-एल-आय-ए-एन. पी एकच. उच्चार साधारण सेस्क्विपिडेलिअन, आघात ‘डे’वर. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लांब शब्दांची भीती’ म्हणून एक अगडबंब शब्द फिरत असतो. हिप्पोपोटॅमस, मॉन्स्टर, सेस्क्विपिडेलियन आणि फोबिया यांची मोट बांधून तो गमतीखातर तयार केलेला आहे. त्यात बहुतेक वेळा पी दोनदा येतो आणि हिप्पोपोटॅमसमधला एक स्वरही बदलतो. तिथून स्पेलिंग उचललं तर लॅटिन कोशात काहीच सापडणार नाही.

पायरी २: आजचा अर्थ स्वतःच्या शब्दांत लिहा

कोशातली व्याख्या उतरवू नका. तीन वापर गोळा करा आणि त्यांतून अर्थ काढा. या शब्दाचे आज तीन वापर दिसतात: पुष्कळ अक्षरांचा लांब शब्द, अशा शब्दांनी भरलेली शैली, आणि अशी शैली मिरवणारा माणूस. तिन्हींत थोडी थट्टा आहे. ही थट्टा कागदावर नोंदवून ठेवा, कारण मूळ लॅटिन शब्द ‘दीड फुटी’ असं नुसतं माप सांगतो आणि त्यात ती कुठेच नाही. ती कुठून शिरली हे शोधणं हे या शब्दाचं खरं काम आहे.

पायरी ३: इंग्रजीत तो कधी आला

हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात दिसू लागतो. तारीख वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: कोशातलं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे, तर कोशकारांना सापडलेला सर्वांत जुना लेखी वापर. ऑक्सफर्डचा कोश पहिल्यांदा १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाला. जुन्या छापील ग्रंथांचे शोध सोपे झाल्यापासून त्यातली कित्येक सालं मागे सरकली आहेत. म्हणून दोन कोशांत वेगवेगळी सालं आढळली तर गोंधळू नये. अलीकडची आवृत्ती बघावी, आणि नोंद नामाची आहे की विशेषणाची हे तपासावं. बऱ्याचदा फरक तेवढाच असतो.

काळ कळला की त्या काळात काय चाललं होतं ते विचारायचं. इंग्रजीत लॅटिन शब्दांचा पूर आला होता आणि त्यावर लोक चिडतही होते. टॉमस विल्सन यांनी १५५३मध्येच अशा उसन्या, पंडिती शब्दांवर झोड उठवली होती. शाईच्या शिंगाच्या दौतीवरून त्यांना ‘इंकहॉर्न’ शब्द म्हणत. दुसरीकडे हे शब्द समजावून देणारे कोशही निघत होते: रॉबर्ट कॉड्री १६०४, हेन्री कॉकरॅम १६२३, टॉमस ब्लाउंट १६५६. लांब शब्दांची चेष्टा करणारा लांब शब्द अशा काळात इंग्रजीत रुजावा यात नवल नाही.

पायरी ४: शेवटाकडून सोला

लॅटिन मुळाचा शब्द नेहमी मागून सोलायचा, पुढून नव्हे. पुढून सुरुवात केली की डोळा ओळखीच्या उपसर्गावर अडकतो आणि चुकीच्या जागी चीर पडते. इथे शेवटचा ‘-अन’ हा लॅटिन ‘-आनुस’वरून आलेला इंग्रजी प्रत्यय. तो काढला की उरतं ‘सेस्क्विपेदालि-’, म्हणजे लॅटिन विशेषण ‘सेस्क्विपेदालिस’. इंग्रजीत ‘सेस्क्विपिडल’ असं आखूड रूपही आढळतं. त्यावरून ‘-अन’ नंतर चिकटला आहे, हे कळतं.

पुढचा प्रत्यय ‘-आलिस’, म्हणजे ‘चा, संबंधी’. याचा एक उपयोगी नियम आहे. मूळ शब्दात ल असेल तर दोन ल टाळण्यासाठी ‘-आलिस’चा बहुतेक वेळा ‘-आरिस’ होतो. म्हणून इंग्रजीत सोलर, लूनर, पॉप्युलर, पण नेव्हल, मॉर्टल, पेडल. त्या लनंतर मध्ये र आला की गाडी पुन्हा ‘-आलिस’वर येते: फ्लोरल, प्लूरल. चीर बरोबर पडली का, याची ही फुकटची चाचणी. आपल्या शब्दात ‘पेद’मध्ये ल नाही आणि प्रत्यय ‘-आलिस’ आहे. जुळलं.

आता शिल्लक दोन तुकडे: ‘सेस्क्वि’ आणि ‘पेद’.

पायरी ५: लॅटिन नाम षष्ठीतून पकडा

‘पेद’ असा शब्द लॅटिन कोशात शोधाल तर मिळणार नाही. कोशात नाम प्रथमेत असतं: ‘पेस’, म्हणजे पाय. शेजारी षष्ठीचं रूप दिलेलं असतं: ‘पेदिस’. षष्ठीचा ‘-इस’ काढा, खरं अंग हाती येतं: ‘पेद-’. प्रथमेत ‘पेद’ला ‘स’ लागला, द त्या सकारात विरला आणि स्वर दीर्घ झाला. संस्कृतात ‘पद्’ची प्रथमा ‘पात्’ का होते, हे ज्यांनी पाठ केलं आहे त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

सर्वांत मोठा खड्डा मात्र इथेच आहे. इंग्रजीत ‘पेड’ दिसला की तो पायच, असं धरू नका. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड, इम्पीड हे पायाचे. पण पेडगॉगी आणि पीडिअ‍ॅट्रिक्स यांतला ‘पेड’ ग्रीक ‘पाइस’, षष्ठी ‘पाइदोस’, म्हणजे मूल. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पीडिअ‍ॅट्रिक्सला पीनंतर ए-ई लिहितात, तो त्या ग्रीक स्वराचाच मागमूस. अमेरिकन स्पेलिंगमध्ये तो पुसला जातो आणि दोन वेगळी मुळं एकसारखी दिसू लागतात. शंका आली की ब्रिटिश स्पेलिंग बघावं.

पायरी ६: ‘सेस्क्वि’, म्हणजे पाहाड्यांचा तास

‘सेस्क्वि’ बघून बहुतेकांना लॅटिन ‘सेक्स’, म्हणजे सहा, आठवतं. चूक. हा शब्द ‘सेमिस’ आणि ‘क्वे’ यांचा सांधा आहे. ‘सेमिस’ म्हणजे अर्धा. त्यात ‘सेमि’ आणि ‘आस’ हे नाणं किंवा एकक. ‘क्वे’ म्हणजे आणि. हा ‘क्वे’ शब्दाच्या मागे चिकटतो. रोमन शिलालेखांवर दिसणाऱ्या एस-पी-क्यू-आर या चार अक्षरांतलं क्यू तेच: सेनातुस पोपुलुसक्वे रोमानुस, रोमचं सेनेट आणि जनता. तेव्हा ‘सेस्क्वि’ म्हणजे ‘आणि अर्धा’. त्याआधीचा ‘एक’ बोलला जात नाही, तो गृहीत धरलेला असतो. उच्चारात ‘सेमिसक्वे’चा मधला भाग आक्रसला आणि ‘सेस्क्वि’ उरला.

दीड सांगण्याच्या दोन तऱ्हा जगात दिसतात. लॅटिनची तऱ्हा बेरजेची: एक आणि वर अर्धा. आपली तऱ्हा वेगळी. मराठी ‘दीड’ आला संस्कृत ‘द्व्यर्ध’वरून, प्राकृत ‘दिवड्ढ’मार्गे, आणि त्याचा अर्थ ‘दुसरा अर्धा’: पहिला पूर्ण झाला, दुसऱ्याचा अर्धाच आहे. जर्मन ‘आंडरथाल्ब’ही हेच म्हणतो. ‘अडीच’ म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. ‘औट’ म्हणजे अर्धचतुर्थ, चौथा अर्धा, साडेतीन. औट घटकेचं राज्य म्हणताना आपण नकळत हा जुना हिशेब करत असतो. दिडकी, अडीचकी, औटकी घोकणाऱ्या पिढ्यांना हे हिशेब तोंडपाठ होते, मात्र शब्दांची फोड त्यांना कुणी सांगितली नसावी.

आणि गंमत म्हणजे लॅटिनलाही ही दुसरी तऱ्हा ठाऊक होती. ‘सेस्टर्शियस’ हे प्रसिद्ध रोमन नाणं म्हणजे ‘सेमिस-तेर्तिउस’, तिसरा अर्धा, अडीच आस. शब्दशः आपला अर्धतृतीय. त्याची खूणही दोन उभ्या रेघा आणि सेमिसचा एस अशीच लिहीत; पुढे रेघांना आडवी रेघ जोडली जाऊन तिचं एच-एस झालं. पुढे या नाण्याची किंमत चार आस ठरली, तरी नाव अडीचचंच राहिलं. यातून एक धडा घ्यायचा: व्युत्पत्ती नाव पडलं तेव्हाचा अर्थ सांगते, आजची किंमत नव्हे.

कागदावर आता लिहा: सेस्क्वि = सेमिस + क्वे, दीड. सेस्क्विपेदालिस = दीड पायाचा, दीड फुटी.

पायरी ७: मजकूर उघडा

ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया जाते. पर्सियसवर ‘सेस्क्विपेदालिस’ची नोंद काढा आणि लेखकांची नावं दिसतील तिथे मूळ ओळीपर्यंत जा.

प्रथम साधा, शब्दशः वापर. ज्युलियस सीझर इसवी सनापूर्वी ५५मध्ये र्‍हाईन नदीवर लाकडी पूल बांधल्याचं वर्णन करतो. गॉलच्या युद्धावरच्या त्याच्या ग्रंथात चौथ्या भागात, सतराव्या प्रकरणात, ते आहे. तिथे ‘तिग्ना बिना सेस्क्विपेदालिआ’ असे शब्द येतात: दीड फूट जाडीचे दोन-दोन खांब, खाली थोडे टोकदार केलेले, एकमेकांपासून दोन फुटांवर जोडलेले. इथे ना थट्टा, ना लांब शब्द. सुताराचं माप. रोमन फूट साधारण २९.६ सेंटिमीटरचा, म्हणजे खांब ४४ सेंटिमीटरचे. व्हिट्रुव्हियस हा रोमन वास्तुविशारद विटांची मापं सांगताना दीड फूट लांब आणि एक फूट रुंद अशी वीट देतो. रोमन बांधकामाचा अभ्यास करणारे दीड फुटी चौकोनी विटांना आजही ‘सेस्क्विपेदालेस’च म्हणतात.

एकक बदलून बघण्याची सवय इथे फार उपयोगी पडते. रोमन फूट सोळा अंगुळांचा, म्हणजे दीड फूट चोवीस अंगुळांचा. आणि चोवीस अंगुळं म्हणजे आपल्याकडचा एक हात. रोमन ‘कुबितुस’, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप, तेही इतकंच. म्हणजे ‘सेस्क्विपेदालिस’चं मराठी करायचं तर ‘हातभर’ हा शब्द मापाने अगदी चपखल बसतो, आणि हातभर जिभेमुळे त्याला थट्टेचा सूरही आधीच आहे. फक्त कागदावर स्पष्ट लिहा की जुळतं ते माप, मूळ नव्हे.

आता थट्टा कुठून आली? कॅटलस या कवीने आपल्या सत्त्याण्णवाव्या कवितेत एका माणसाची नालस्ती करताना त्याचे दात ‘दीड फुटी’ असल्याचं म्हटलं आहे. कॅटलस सीझरचाच समकालीन. म्हणजे पुलाच्या खांबांचं माप माणसाच्या तोंडात घालून अतिशयोक्ती करण्याची युक्ती तेव्हाच रूढ होती.

त्यानंतर होरेस, तोही रोमन कवी. काव्यकलेवरच्या आपल्या पद्यपत्रात, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, तो शोकनाट्याच्या भाषेबद्दल लिहितो. ओळ सत्त्याण्णव: ‘प्रोयिकित आम्पुल्लास एत सेस्क्विपेदालिआ वेर्बा’. टेलेफस आणि पेलेउस ही राजघराण्यातली पात्रं दारिद्र्य आणि वनवास यांत सापडतात. प्रेक्षकाच्या काळजाला हात घालायचा असेल तर तेव्हा ती आपली ‘आम्पुल्लास’ आणि दीड फुटी शब्द फेकून देतात. ‘आम्पुल्ला’ म्हणजे फुगीर पोटाची कुपी, इथे फुगवलेली भाषा. इंजेक्शनचा अ‍ॅम्प्यूल याच शब्दाचा वंशज. ‘शब्द’ आणि ‘दीड फुटी’ ही जोडी इथूनच इंग्रजीत गेली; युरोपातल्या शाळांत शतकानुशतकं लॅटिन शिकणाऱ्यांना ही ओळ पाठ असायची.

पण एकच ओळ वाचून थांबू नका, दोन ओळी वर जा. ओळ पंचाण्णवच्या शेवटी होरेस म्हणतो की शोकनाट्यातलं पात्रही बऱ्याचदा ‘सेर्मोने पेदेस्त्रि’ दुःख मांडतं: पायी चालणाऱ्या भाषेत, म्हणजे साध्या बोलीत. पुन्हा तोच पाय. एकीकडे पायी चालणारी भाषा, दुसरीकडे दीड पायाची. इंग्रजी ‘पेडेस्ट्रियन’लाही आधी ‘नीरस, सपक’ हा लेखनाबद्दलचा अर्थ होता आणि रस्त्यावरचा पादचारी त्यात अठराव्या शतकात नंतर आला. कोशातल्या एका ओळीच्या उद्धृतावर विसंबलेल्याला हे कधीच दिसत नाही.

ज्यांना वृत्तांची आवड आहे त्यांनी ही ओळ लघुगुरू लावून बघावी. लॅटिन षट्पदी ओळीत सहा गण असतात आणि गणालाही लॅटिनमध्ये ‘पेस’, म्हणजे पायच म्हणतात. ‘प्रोयिकित’ एक भगण, मग ‘आम्पुल्’ आणि ‘लास एत’ हे दोन गुरू-गुरू, मग ‘सेस्क्विपे’ भगण, ‘दालिआ’ भगण, शेवटी ‘वेर्बा’. म्हणजे दीड पायाचा म्हणवणारा हा शब्द ओळीत पूर्ण दोन पाय अडवून बसला आहे.

पायरी ८: थेट आला की फ्रेंचमधून?

लॅटिन शब्द इंग्रजीत दोन वाटांनी येतात. लोकांच्या तोंडून फ्रेंचमध्ये झिजून आले की ओळखू येत नाहीत. पुस्तकातून उचलले की कोरे करकरीत राहतात. कसोटी सोपी आहे: मूळ व्यंजनं शाबूत आहेत का ते बघा. ‘सेस्क्विपिडेलियन’मध्ये क्यू-यू आणि डी दोन्ही जशीच्या तशी, म्हणून हा पुस्तकी.

झिजलेल्या वाटेचं उदाहरण याच पायाचं आहे. मध्ययुगीन लॅटिन ‘पेदो’, षष्ठी ‘पेदोनिस’, म्हणजे पायदळातला शिपाई, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत बुद्धिबळातला ‘पॉन’ झाला, आणि द कुठच्या कुठे गेला. पोर्तुगीजमध्ये तोच ‘पेआंव’ झाला आणि भारतातल्या कचेऱ्यांत ‘प्यून’ म्हणून स्थिरावला. आपलं ‘प्यादं’ आलं फारसीतून, पण त्याच्याही पोटात पायच आहे. ‘पायजमा’ही फारसी ‘पाय’ आणि ‘जामा’ यांचाच, आणि इंग्रजीत तो हिंदुस्थानातून गेला. एका इंग्रजी कोशात फुट, पेडल, पोडियम, पॉन, पायजमा असे पाच दारांनी आलेले पाय सापडतात. शब्दाच्या मुळाइतकीच त्याची वाट का लिहायची, ते यावरून कळावं.

पायरी ९: संस्कृतातली भावंडं, आणि हात आवरता घेणं

या शब्दाचे तिन्ही मूळ तुकडे संस्कृतात भेटतात. ‘पेद’चा जोडीदार पद्, पाद. ‘सेमि’चा जोडीदार ‘सामि’, म्हणजे अर्धा. हा फारसा परिचित नाही, पण पाणिनीने त्याच्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे, २.१.२७, आणि ‘सामिकृतम्’, म्हणजे अर्धवट केलेलं, हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ‘क्वे’चा जोडीदार ‘च’, तोही असाच मागे लागणारा: रामो लक्ष्मणश्च.

जुळणी नियमाने होते का, हे तपासल्याशिवाय ओळ शाईने लिहायची नाही. प ला प जुळतो, पण इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत त्याचा फ होतो, म्हणून फुट आणि फादर. हा नियम याकोब ग्रिम यांनी १८२२मध्ये मांडला. लॅटिनचे ए आणि ओ संस्कृतात अ होतात, दीर्घ ए चा आ होतो: सेमि, सामि. ग्रीकमध्ये सुरुवातीच्या स चा ह होतो, म्हणून ‘हेमि’, आणि इंग्रजीत हेमिस्फिअर. मूळचा ‘क्व’ ध्वनी ए सारख्या स्वरापुढे संस्कृतात तालव्य च झाला, म्हणून ‘क्वे’ आणि ‘च’. तोच नियम ‘पाच’च्या संख्येत तपासून बघा: लॅटिन क्विंक्वे, संस्कृत पञ्च. शेवटचा ‘क्वे’ आणि ‘च’ पुन्हा समोरासमोर. नियम निदान दोन-तीन स्वतंत्र जोड्यांत चालला तरच तो नियम.

मराठी लेखक इथेच सर्वाधिक घसरतात. घसरण दोन प्रकारची. पहिली, ‘लॅटिन संस्कृतातून निघाली’ असं लिहिणं. भावंडं म्हणजे आईबाप नव्हेत. ‘पेस’ हा ‘पाद’चा मुलगा नाही, दोघांचा पूर्वज एकच आणि तो लिहून ठेवलेला नाही. म्हणूनच कोशात त्याच्या रूपाआधी तारांकन असतं. ती खूण गाळू नये. दुसरी घसरण म्हणजे नुसत्या कानाला भुलणं. इंग्रजी ‘बॅड’ आणि आपल्या बदनाम, बदफैली यांतला फारसी ‘बद’ अर्थाने आणि आवाजाने जुळे वाटतात, पण त्यांचं काही नातं नाही. उलट ‘क्वे’ आणि ‘च’ कानाला अजिबात सारखे नाहीत आणि तरी सख्खे आहेत.

मराठी घर भरायचं असेल तर टर्नरमध्ये ‘पाद’ काढा. पाय आणि पाव दोन्ही तिथे मिळतील. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथाई, म्हणून पाव. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणा. सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. म्हणजे ‘पेडल’चा दूरचा नातेवाईक पावशेराच्या मापातही बसलेला असतो.

पायरी १०: ताळा करा

तुमची फोड बरोबर असेल तर ‘सेस्क्वि’ इतर शब्दांतही दीडच निघायला हवा. सेस्क्विसेंटेनियल, दीडशेवा वर्धापन. जुळलं. रसायनशास्त्रातले सेस्क्विऑक्साइड: अ‍ॅल्युमिनियमचे दोन अणू, ऑक्सिजनचे तीन, म्हणजे एकास दीड. जुळलं. सेस्क्विटर्पीन जरा फसवतात. त्यांत कार्बनचे पंधरा अणू असतात, आणि पंधरा दीड कसे? टर्पीन मोजायचं एकक दहा कार्बनचं आहे, त्याचे दीडपट पंधरा. चंदनाच्या तेलातला सँटॅलॉल आणि आल्यातला झिंजिबरीन याच घराण्यातले. ताळा चुकला असं वाटलं तर आधी एकक तपासायचं, फोड नंतर.

पायरी ११: नोंद लिहा

नोंद चार-पाच ओळींची असावी, आणि प्रत्येक विधानाला कागदावरची एक ओळ आधाराला हवी. नमुना असा:

‘सेस्क्विपिडेलियन, विशेषण व नाम. इंग्रजीत सतराव्या शतकापासून, थेट लॅटिनमधून, -अन प्रत्यय लावून. लॅटिन सेस्क्विपेदालिस, दीड फुटी. सेस्क्वि, दीड, < सेमिस, अर्धा, + क्वे, आणि. पेस, षष्ठी पेदिस, पाय. -आलिस, विशेषणाचा प्रत्यय. सीझरकडे शब्दशः माप, कॅटलसकडे अतिशयोक्ती, होरेसच्या “दीड फुटी शब्दां”वरून आजचा अर्थ. संस्कृत सामि, च, पद् यांचे सगोत्र.’

नोंदीतली कोनासारखी खूण डावीकडे उघडी की उजवीकडे यात गल्लत होते. टोक डावीकडे असलेली खूण ‘पासून आला’ असं सांगते, टोक उजवीकडे असलेली ‘याचा झाला’ असं. ‘सगोत्र’ आणि ‘पासून’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर जाणकार वाचक तिथेच थांबतो. आणि नोंदीत ‘बहुधा’ लिहायला लाजू नये; मोठमोठे कोश पानोपानी लिहितात.

सरावासाठी तीन शब्द

‘सायनेक्युअर’ने, म्हणजे फारसं काम नसलेल्या पगारी पदाने, सुरुवात करा, सोपा आहे: सिने आणि कुरा, चिंतेवाचून. मात्र इथे कुरा म्हणजे औषधोपचार नव्हे, तर धर्मगुरूने वाहायची भाविकांच्या आत्म्यांची काळजी, हे चर्चच्या कारभारात शिरल्याशिवाय कळत नाही. मग ‘टर्जिव्हर्सेशन’, म्हणजे टाळाटाळ: तेर्गुम म्हणजे पाठ, आणि वेर्सारे म्हणजे फिरवणं. पाठ फिरवणं हा मराठी वाक्प्रचार लगेच आठवेल. तो ताळ्याला घ्या, पुराव्याला नको. संस्कृतचं ‘वृत्, वर्तते’ मात्र खरोखर याच ‘वेर्त’चं भावंड आहे, ध्वनिनियम लावून बघा. शेवटी ‘सुपरसिलियस’ घ्या. सुपरसिलियुम म्हणजे भुवई, अर्थ तुच्छतेने बघणारा. आपली भुवई संस्कृत ‘भ्रू’ची आणि इंग्रजी ‘ब्राउ’ची नातलग आहे, पण या लॅटिन शब्दाची नाही. तिथे चौथा रकाना भरण्याआधी लुइस आणि शॉर्टमध्ये ‘सिलियुम’ स्वतंत्र काढून बघा.